धक्का, बिचकणे आणि नेम : नव्या नेमबाजासाठी

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील आमच्या भागात बंदूक माणसाच्या हाती साधारणपणे तीन वाटांनी येते. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या किंवा गावच्या जत्रेत फुगे फोडण्याची हवेची बंदूक, ही पहिली वाट. कॉलेजात गेल्यावर एनसीसीच्या कॅम्पात मिळणारी पॉइंट टू टू रायफल, ही दुसरी. आणि ज्या घरात पीक राखण्यासाठी परवान्याची बारा बोअर (छर्ऱ्यांची बंदूक) आहे, त्या घरात वडिलांच्या पश्चात परवाना मुलाच्या नावावर होतो, ही तिसरी. पायदळातून निवृत्त होऊन गावी परतल्यापासून या तिन्ही वाटांनी आलेली माणसे माझ्याकडे काही ना काही विचारायला येतात, आणि जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो : धक्का फार बसतो का?

धक्का बसतो, पण नेम धक्क्यामुळे हुकत नाही. धक्का खांद्यापर्यंत पूर्णपणे पोहोचतो तेव्हा गोळी नळीतून केव्हाच बाहेर पडलेली असते. नेम हुकतो तो धक्क्याच्या भीतीमुळे, आणि ही भीती बार उडण्याच्या आधी शरीरात शिरलेली असते. त्यामुळे नव्या नेमबाजाला धक्का सोसायला शिकवण्याआधी त्याची वाट न पाहायला शिकवावे लागते, आणि या लेखातील बहुतेक मजकूर त्याच कामासाठी आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. येथे जे सांगितले आहे ते मान्यताप्राप्त रेंजवर, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली आणि कायदेशीर परवान्याच्या चौकटीत करावयाच्या सरावासाठी आहे. परवाना बंदूक बाळगण्याचा असतो, शिकारीचा नसतो. भीमगडच्या रानातून शेतात उतरणारा गवा असो की रानडुक्कर, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा दोघांनाही लागू आहे.

धक्का किती असतो

धक्क्याचा हिशेब शाळेतील न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचाच आहे. गोळी, तिच्यामागचा बूच आणि जळालेल्या दारूचा वायू जेवढ्या संवेगाने पुढे जातात, तेवढ्याच संवेगाने बंदूक मागे येते. बारा बोअरच्या नेहमीच्या काडतुसात सुमारे ३२ ग्रॅम छर्रे असतात आणि ते नळीतून सेकंदाला सुमारे ३८० मीटर वेगाने निघतात. बंदुकीचे वजन ३.२ किलो धरले, तर केवळ छर्ऱ्यांच्या हिशेबाने ती सेकंदाला ३.८ मीटर वेगाने मागे येऊ पाहते. बूच आणि वायू धरल्यास हा वेग चार मीटरच्या वर जातो. वेगाचे आकडे खांद्याला कळत नाहीत, म्हणून मी मुलांना असे सांगतो की तीच बंदूक पाऊण ते एक मीटर उंचीवरून खांद्यावर सोडली तर जे होईल, तेवढा हा धक्का आहे. पॉइंट टू टूची गोळी अवघ्या २.६ ग्रॅमची असते आणि तिचा वेग सेकंदाला सुमारे ३३० मीटर असतो. स्पर्धेतील आठ किलोच्या रायफलीतून ती सुटली, तर त्याच हिशेबाने ती रायफल एका मिलिमीटरहून कमी उंचीवरून पडल्यासारखी होते. एकाच नावाखाली मोडणाऱ्या दोन बंदुकांमध्ये एवढे अंतर असते, आणि तरीही पुष्कळ लोक नवशिक्याच्या हातात पहिल्याच दिवशी बारा बोअर देतात.

मराठा लाइट इन्फंट्रीचे सेंटर १९२२ पासून बेळगावात असल्यामुळे आमच्याकडे बहुतेक गावांत निवृत्त जवान आहेत. त्यांच्यापैकी ज्यांनी ७.६२ मिलिमीटरची एसएलआर (सेल्फ-लोडिंग रायफल) आणि नंतरची ५.५६ ची इन्सास अशा दोन्ही रायफली चालवल्या आहेत, त्यांना या हिशेबाची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. एसएलआरची गोळी सुमारे साडेनऊ ग्रॅमची आणि वेग सेकंदाला सुमारे ८४० मीटर. इन्सासची गोळी चार ग्रॅमची आणि वेग सुमारे ९०० मीटर. रायफलींच्या वजनात फारसा फरक नसताना दुसऱ्या गोळीचा संवेग पहिलीच्या निम्म्याहूनही कमी आहे.

हा झाला कागदावरचा धक्का. जाणवणारा धक्का आणखी काही गोष्टींवर ठरतो : दस्त्याचा, म्हणजे खांद्याला लागणाऱ्या मागच्या भागाचा, आकार आणि लांबी, मागच्या टोकाला रबरी पॅड आहे की जुन्या रायफलींसारखी धातूची पट्टी, बंदूक खांद्याला किती घट्ट लावली आहे, आणि आवाज किती मोठा आहे. या शेवटच्या गोष्टीकडे फार थोड्यांचे लक्ष जाते, पण ज्याला आपण धक्का म्हणतो त्याचा बराच भाग खरे तर आवाजाचा असतो. बारा बोअरचा आवाज दीडशे डेसिबलच्या आसपास किंवा त्याहून अधिक असतो, आणि १४० डेसिबलच्या पुढचा एकच आवाजही कानाला कायमची इजा करू शकतो. कानात बोळे घालून वर मफ चढवल्यावर तोच बार ‘हलका’ वाटल्याचे नवशिके मला नेहमी सांगतात. कान झाकल्याशिवाय सराव करू नये, हे सांगण्याची वेळच येऊ नये. पण आमच्याकडे अजूनही कान न झाकणे हे मर्दुमकीचे लक्षण समजले जाते, आणि त्याच मर्दुमकीचे परिणाम म्हणून साठीच्या आत ऐकू येईनासे झालेली माणसे मी पाहिली आहेत.

गोळी नळीत असताना

चाप दाबल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंतचा काळ दोन तुकड्यांत मोडतो. पहिल्या तुकड्यात घोडा सुटून काडतुसाच्या टोपीवर आपटतो आणि दारू पेटते, याला काही मिलिसेकंद लागतात. दुसऱ्या तुकड्यात गोळी नळीतून धावते. सैनिकी रायफलीत हा काळ एक-दीड मिलिसेकंदाचा असतो. माणसाला एखादी गोष्ट जाणवून त्याने हालचाल करायला दीडशे ते दोनशे मिलिसेकंद लागतात. म्हणजे बार उडाल्यानंतर आपण काहीही केले तरी त्या गोळीवर त्याचा परिणाम होऊ शकत नाही. जो बिघाड होतो तो बार उडण्याच्या आधीच्या क्षणात.

मात्र त्या एक-दीड मिलिसेकंदात बंदूक स्थिर असते असेही नाही. गोळी पुढे सरकू लागताच बंदूक मागे सरकू लागते, आणि एसएलआरसारख्या रायफलीत गोळी नळीच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत ती दीड मिलिमीटरच्या आत मागे आलेली असते. एवढ्यावर थांबले असते तर काळजी नव्हती. पण नळीची रेषा वर आणि खांद्याचा आधार तिच्या खाली असल्यामुळे बंदूक मागे येताना थोडी वरही फिरते, आणि तो फिरण्याचा कोन गोळी बाहेर पडण्यापूर्वीच सुरू झालेला असतो. हा कोन दर वेळी सारखाच असेल तर चिंता नाही, कारण साइट (नेम धरण्याची खूण) जुळवताना तो हिशेबात धरला जातो. घोटाळा होतो तो पकड बदलली की. एका बारासाठी दस्ता खांद्यात घट्ट, दुसऱ्यासाठी सैल, तिसऱ्यासाठी गाल वर उचललेला, अशा तीन बारांत बंदूक तीन वेगवेगळ्या प्रकारे फिरते आणि गोळ्या तीन ठिकाणी जातात. नेमबाजाला वाटते की साइट बिघडली.

याच कारणाने नळी कशाला टेकवावी यालाही महत्त्व आहे. बांधावरच्या दगडावर किंवा कुंपणाच्या खांबावर नळी टेकवून नेम धरण्याची सवय आमच्याकडे सर्रास आहे. कठीण वस्तूवर टेकलेली नळी बार उडताच त्या वस्तूपासून दूर उसळते आणि गोळी वर किंवा बाजूला जाते. टेकवायचेच असेल तर नळीऐवजी नळीखालचे लाकूड टेकवावे, आणि तेही वाळूच्या मऊ पिशवीवर. पिशवी नसेल तर लाकूड आणि आधार यांच्यामध्ये आपल्या हाताची मूठ ठेवावी.

हवेच्या स्प्रिंगच्या बंदुकीचा स्वभाव यापेक्षा वेगळा आहे, आणि जत्रेतल्या बंदुकीवर हात बसलेल्यांना याची कल्पना नसते. चाप दाबताच आतला दट्ट्या पुढे धावतो, म्हणून बंदूक आधी मागे येते. मग दट्ट्या पुढे जाऊन हवेच्या गादीवर आदळतो, म्हणून बंदूक पुढे जाते. ही दुहेरी हालचाल होत असताना छर्रा अजून नळीतच असतो. अशी बंदूक आवळून धरली तर गोळ्या विखुरतात. तिला तळहातावर नुसती विसावू द्यावी, खांद्याला हलकेच लावावी, आणि तिला जसे हलायचे तसे हलू द्यावे. बारा बोअरला नेमके उलटे लागते. म्हणून एका बंदुकीवर शिकलेली पकड दुसऱ्या बंदुकीवर तशीच नेऊ नये.

खांदा, गाल, पाय

दस्ता कुठे टेकवायचा हे प्रत्येकाने एकदा बोटाने चाचपून पाहावे. गळ्याच्या हाडाचा बाहेरचा शेवट आणि दंडाचा गोळा यांच्या मधोमध, छातीच्या बाजूला एक मऊ खळगा लागतो. उजवा कोपर थोडा वर उचलला की हा खळगा अधिक खोल होतो. दस्ता तिथेच बसला पाहिजे. तो बाहेर दंडावर गेला तर दंड काळानिळा होतो आणि बंदूक बाजूला फेकली जाते. आत हाडावर आला तर पुढच्या बाराला माणूस हमखास बिचकतो. आमच्या गावातील एक म्हातारे शेतकरी तरुणांना एवढेच सांगत असत : “घट धर रे पोरा, सैल सोडलास की मारतंय बघ.” त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून होते. बंदूक आणि खांदा यांच्यात फट राहिली की बंदूक त्या फटीत वेग घेते आणि मग आदळते. फट नसेल तर ती खांद्याला आपटत नाही, खांद्याला घेऊन मागे सरकते, आणि धक्का साऱ्या अंगात विभागला जातो.

घट्ट म्हणजे किती, हा पुढचा प्रश्न असतो. हात थरथरू लागला तर ते प्रमाणाबाहेर झाले. पोत्याचा तोंडाशी धरलेला कोपरा ओझे उचलण्यापूर्वी आपण जेवढा ओढून घेतो, तेवढा दाब पुरे, आणि तो प्रत्येक बाराला सारखा असावा.

दस्त्याची लांबी माणसाच्या अंगाला जुळली पाहिजे. घरातली जुनी बंदूक बहुधा उंच पुरुषाच्या मापाची असते. बुटक्या माणसाला किंवा मुलीला ती लांब पडते आणि दस्ता आपोआप दंडावर जातो. कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसाळी गारठ्यात जाड स्वेटर घातल्यावर हीच अडचण सर्वांना येते. जाड कपडा धक्का थोडा शोषतो हे खरे, पण त्याने दस्त्याची जागा बदलते, म्हणून ज्या कपड्यात सराव केला त्याच जाडीच्या कपड्यात ग्रुपिंग, म्हणजे गोळ्या किती जवळजवळ लागतात ते, तपासावे.

गाल दस्त्यावर दर वेळी त्याच जागी, वजनाने टेकलेला असावा. उचललेला गाल धक्क्याच्या वेळी दस्त्याचा मार खातो. दुर्बीण लावलेल्या रायफलीत डोळा दुर्बिणीच्या फार जवळ नेला तर भुवईवर अर्धगोलाकार जखम होते. बहुतेक दुर्बिणींना डोळ्यापासून आठ-नऊ सेंटिमीटर अंतर लागते.

उभे राहून बार काढताना डावा पाय पुढे, गुडघे किंचित सैल, आणि अंगाचे वजन थोडे पुढच्या पायावर. मागे झुकलेला माणूस धक्क्याने आणखी मागे जातो आणि दुसरा बार आकाशात काढतो. पालथे पडून नेम धरला असता शरीराला मागे झुलायला जागा नसते, त्यामुळे तीच रायफल त्या स्थितीत अधिक जोरात लागते. अंग रायफलीच्या थेट मागे, तिच्या रेषेत असेल तर ती सरळ मागे येऊन पुन्हा त्याच लक्ष्यावर विसावते. तिरके असेल तर प्रत्येक बारानंतर रायफलीचे तोंड एकाच बाजूला भरकटलेले दिसेल. ही खूण फार उपयोगी आहे. नेम धरून डोळे मिटावेत, दोन श्वास घ्यावेत, डोळे उघडावेत. माशी (नळीच्या टोकावरची साइट) लक्ष्यावरून सरकली असेल तर हाताने ओढून आणण्याऐवजी सारे अंगच सरकवावे.

पिस्तुलात खांद्याचा आधारच नसतो. तिथे पकड जितकी वर, नळीच्या रेषेजवळ, तितके तोंड कमी उडते, आणि मनगट ताठ असावे लागते. उजव्या हाताच्या नवशिक्याच्या गोळ्या खाली डावीकडे गोळा होत असतील, तर बहुधा तो धक्क्याच्या अपेक्षेने मनगट खाली दाबतो आहे.

बिचकणे

मी रंगरूट असताना एसएलआरचे पहिले पाच बार बरे गेले. त्यानंतर खांदा दुखू लागला, आणि पुढच्या सरावात माझ्या गोळ्या लक्ष्याच्या खाली, कुठल्याही क्रमाशिवाय विखुरल्या. मी उस्तादांना म्हणालो की रायफलचे झीरोइंग (साइटची जुळवणी) गेले आहे. ते काही बोलले नाहीत. त्यांनी माझी मॅगझिन स्वतः भरली आणि माझ्या शेजारी बसले. दोन बार उडाले. तिसऱ्या वेळी मी चाप दाबला तेव्हा नुसता ‘खट्’ असा आवाज झाला, कारण त्या जागी त्यांनी न उडणारे सरावाचे काडतूस घातले होते. बार उडाला नव्हता, धक्का बसला नव्हता, आणि तरी रायफलचे तोंड चार बोटे खाली गेले होते, माझा खांदा पुढे आला होता आणि डोळे घट्ट मिटलेले होते. रायफल निर्दोष होती. उस्तादांनी तेव्हा मला न रागावता फक्त रायफलीच्या तोंडाकडे बोट दाखवले. आज मी कुणाला शिकवताना लक्ष्याकडे पाहत नाही; त्याच्या पापण्यांकडे, खांद्याकडे आणि चापावरच्या बोटाकडे पाहतो.

बिचकणे ही भित्रेपणाची खूण नाही. मोठा आवाज आणि अंगावर आघात यांची एकदा सांगड बसली की शरीर पुढच्या वेळी आधीच तयारी करते, पापणी मिटते, स्नायू आखडतात. हे मनाच्या हुकमाबाहेर घडते, म्हणून ‘घाबरू नको’ असे सांगून ते जात नाही. उलट त्या सांगण्याने मुलगा आपला दोष लपवू लागतो. एके ठिकाणी एका हडकुळ्या मुलाच्या हाती त्याच्या पहिल्याच बाराला बारा बोअर देऊन, तो मागे कोलमडला तेव्हा सभोवतालची मोठी माणसे हसलेली मी पाहिली. त्या मुलाला पुन्हा नेम धरायला लावायला मला सहा महिने लागले, आणि ते सहा महिने त्या हसण्याने वाया घालवलेले आहेत असेच मी आजही मानतो.

सवय मोडण्याचा मार्ग लांब असला तरी अवघड नाही. सुरुवात बाराशिवाय करावी. बंदूक रिकामी असल्याची खात्री डोळ्याने आणि बोटाने, दोनदा नव्हे तर तीनदा करावी, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत, आणि सुरक्षित दिशेला तोंड करून चाप दाबण्याचा सराव करावा. नळीच्या पुढच्या टोकावर एक रुपयाचे नाणे ठेवून चाप सुटला तरी ते पडता कामा नये. येथे एक सावधगिरी हवी : पॉइंट टू टूच्या बऱ्याच रायफलींत रिकामा घोडा सोडल्यास पिन नळीच्या कडेवर आपटते आणि नुकसान होते, म्हणून त्यात सरावाचे बनावट काडतूस घालूनच हे करावे.

रोज वीस-पंचवीस वेळा, पंधरा दिवस हे केले की बोटाला चाप ओळखीचा होतो. चाप ओढायचा नसतो, दाब वाढवत न्यायचा असतो. नेम स्थिर असेल तोवर दाब वाढवावा, नेम हलला तर आहे तिथे थांबवावा, आणि बार नेमका केव्हा उडेल हे स्वतःलाही कळू नये. ज्याला तो क्षण माहीत नसतो, त्याचे शरीर त्या क्षणाची तयारीही करू शकत नाही. बार उडाल्यावर लगेच मान वर काढून गोळी कुठे गेली ते पाहू नये. डोळा माशीवरच ठेवावा, चाप दाबलेलाच ठेवावा, आणि बार उडाला त्या क्षणी माशी कुठे होती ते मनाशी बोलावे. ठासणीच्या जुन्या बंदुकीत दारू पेटायला अधिक वेळ लागतो, त्यामुळे तिथे ही सवय नसेल तर नेम लागणेच कठीण. शिवाय दारू हाताने भरलेली असल्यामुळे प्रत्येक बाराचा धक्काही वेगळा असतो. शिकण्यासाठी ती बंदूक योग्य नाही.

नंतर पॉइंट टू टूवर यावे आणि तिथेच पुरेसे रेंगाळावे. सीमेपलीकडे, राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले, आणि कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली ५० मीटर रायफल प्रोनमध्ये (पालथे पडून) जगज्जेत्या झाल्या, ते याच हलक्या काडतुसावर. ५० मीटरवरील त्या लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते. धक्का जवळजवळ नसलेल्या रायफलीवरही किती शिकण्यासारखे आहे, हे त्या एका आकड्यावरून कळते.

पाच-पाच बारांचे ग्रुपिंग घ्यावे. गोळ्या एकत्र पण मध्यापासून दूर असतील तर साइट हलवावी. विखुरलेल्या असतील तर साइटला हात लावू नये. आधी पकड, गाल आणि चाप पाहावा. उभ्या रेषेत पसरल्या असतील तर श्वास किंवा खांद्यावरचा दाब बदलतो आहे. ग्रुपिंग जमले की सोबत्याकडून मॅगझिनमध्ये अधूनमधून सरावाचे काडतूस घालून घ्यावे, आणि त्याने मोबाइलवर संथ गतीत चित्रण करावे. स्वतःची मिटलेली पापणी स्वतः पाहिल्यावर वाद उरत नाही.

बारा बोअरकडे याच्या नंतर वळावे. पहिल्या दिवशी वजनदार बंदूक, रबरी पॅड आणि मिळतील ती कमी भाराची काडतुसे घ्यावीत. तोंडाला धक्का कमी करणारा ब्रेक बसवलेल्या रायफलींचा मोह होतो, पण त्याने आवाज बाजूला आणि मागे फेकला जातो आणि बिचकणे वाढू शकते. दस्त्याचे स्क्रू आवळलेले आहेत का ते पाहावे, कारण सैल दस्ता दर बाराला वेगळा वागतो. खांद्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणि पेसमेकर बसवलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंदूक खांद्याला लावू नये.

एका बैठकीत नवशिक्याला पाच ते दहा बार पुरतात. पापणी मिटू लागली, चाप झटक्याने ओढला जाऊ लागला किंवा पुढचा बार नकोसा वाटला, की त्या दिवशीचा सराव तिथेच थांबवावा, मग डब्यात कितीही काडतुसे उरलेली असोत. बंदूक रिकामी करून तपासावी, दोन-चार वेळा बाराशिवाय शांतपणे चाप दाबावा, आणि उरलेली काडतुसे मोजून परत डब्यात ठेवावीत.